अंगाची भूक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी नोकरीभर पहिलीचा वर्ग मागून घेतला, असं मघाशी प्रास्ताविकात ऐकलं. पहिलीचा वर्ग मागून घेणारा शिक्षक माझ्या लेखी फार मोठा माणूस. म्हणून आज मी ज्या मुलांबद्दल बोलणार आहे, ती गुरुजींच्या वर्गात बसायला अजून अवकाश असलेली मुलं आहेत. अडीच ते सहा वर्षांची.

आज दुपारी कोल्हापूरहून एसटीने आले. पुढच्या सीटवर एक आई आणि तिचा साडेतीन-चार वर्षांचा मुलगा होता. बांबवडे येईपर्यंत त्याने खिडकीचा गज चाटून पाहिला, सीटवर उभं राहून उड्या मारल्या, आईच्या दंडात डोकं घुसवलं, पुढच्या सीटला लाथा घातल्या. गतिरोधकावर गाडी उडाली की खदखदून हसायचा आणि म्हणायचा, "परत!" मागून एक काका म्हणाले, "लई वांड हाय वो पोरगं." आई ओशाळली. तिने एक धपाटा घातला आणि हातात मोबाइल दिला. पोरगं गप्प झालं. गाडीतल्या सगळ्यांना बरं वाटलं. मला वाटलं नाही.

कारण धपाटा त्याने मागितला नव्हता आणि मोबाइलही मागितला नव्हता. मग तो मागत काय होता?

शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रियं शिकलो. डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा. गुरुजींनी ती बोटांवर मोजून घेतली असतील. पण शरीराला आणखी जाणिवा आहेत, आणि लहान मुलाचा सगळा खेळ त्यांच्यावरच चालतो. आता एक करा. सगळ्यांनी डोळे मिटा. उजव्या हाताचं बोट नाकाच्या शेंड्याला लावा. लावा, लाजू नका. लागलं ना? डोळे मिटलेले असताना हात कुठे आहे आणि नाक कुठे आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुमच्या स्नायूंनी आणि सांध्यांनी. ढकललं, ओढलं, ओझं उचललं, उडी मारून जमिनीवर आदळलं की ही जाण जागी होते. शेरिंग्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ साली तिला नाव दिलं. आपल्या बायका त्याच्या कितीतरी आधीपासून डोईवर हंडा आणि काखेत कळशी घेऊन, पायाखाली न बघता, पाणंदीने चालत होत्या.

दुसरी जाण कानाच्या आत आहे. तिथे तीन अर्धगोल नळ्या आहेत, त्यांत पाणी असतं. मान वळली, अंग फिरलं, झोका गेला की ते पाणी हलतं आणि मेंदूला कळतं की आपण कलतोय, फिरतोय, पडतोय. तिसरी जाण पोटातली: भूक, तहान, लघवीची घाई. आणि स्पर्श तर आहेच. आईच्या पोटात सगळ्यांत आधी जागी होते ती स्पर्शाची जाण.

या जाणिवांना खाणं लागतं. पोटाला भाकरी लागते तसंच. मूल उड्या मारतं, गरगर फिरतं, भिंतीला अंग घासतं, चिखलात बसतं, दिसेल ते तोंडात घालतं, तेव्हा त्याचा मेंदू हे खाणं मिळवत असतो. डॉक्टरांकडे गेलात तर तुमच्या कानावर "सेन्सरी सीकिंग" असा शब्द येईल. मी त्याला अंगाची भूक म्हणते.

आणि भूक सगळ्यांची सारखी असते का? एकाच पंगतीत तांबडा रस्सा वाढला. एकाला घाम फुटतो, डोळ्यांतून पाणी येतं. शेजारचा वाटी उचलून तोंडाला लावतो आणि म्हणतो, झणका नाही. रस्सा तोच. जीभ निराळी. मुलांच्या अंगाचं असंच असतं. एका मुलाला शर्टाच्या मागचं लेबल काट्यासारखं टोचतं, मिक्सर लागला की ते कान झाकतं. दुसऱ्याला साधा झोका पुरत नाही, त्याला तो आढ्याला टेकायला हवा. जीन एअर्स या अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने १९७२ साली यावर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून थेरपिस्ट मंडळी याकडे गंभीरपणे बघायला लागली. पुढे याचे प्रकार पाडले गेले, तक्ते आले. ते आज सोडून देऊ. रश्श्याची वाटी लक्षात ठेवलीत तरी पुरे.

एकच गोष्ट त्यात घालते. एकच मूल एका जाणिवेला हपापलेलं आणि दुसरीला भ्यालेलं असू शकतं. झाडावर शेंड्यापर्यंत चढणारा मुलगा केस कापायला बसवला की किंचाळतो. त्याचं ते नाटक नसतं.

आता आपल्या गावाबद्दल बोलू. कारण ही भूक भागवायची सोय आपल्याकडे फार जुनी आहे.

तान्ह्याला तेल लावून दोन्ही पायांवर पालथं घेऊन रगडणारी आजी आठवा. जुन्या लुगड्याची झोळी आठवा. कडेवरचं बाळ, पाठीवरचं बाळ, भात लावणीच्या दिवसांत बांधावर बसवलेलं आणि मग नजर चुकवून चिखलात उतरलेलं बाळ. गुडघ्यापर्यंत चिखल, त्यातून पाय उपसताना येणारा तो आवाज, पायाच्या बोटांमधून सरकणारा गारवा. शहरात या अनुभवासाठी खोली बांधतात. तिला सेन्सरी रूम म्हणतात आणि तिला लाखांनी खर्च येतो. शाहूवाडी तालुक्यात ती खोली जून लागला की आपोआप उघडते.

आणि कोल्हापूरने तर या भुकेचं मंदिरच बांधलं आहे. तालीम! तांबडी माती चाळून, त्यात हळद, तेल, ताक, लिंबू घालून केलेला हौदा. त्यात एकमेकाला ढकलायचं, ओढायचं, अंगाखाली दाबायचं, मातीने अंग रगडायचं. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं ते मोठ्या पैलवानांसाठी, पण गल्लोगल्लीच्या तालमीत संध्याकाळी जी चिंगळी पोरं हौद्याच्या कडेला लोळायची, त्यांना काय मिळत होतं? स्नायूंना आणि सांध्यांना पोटभर खाणं. त्यातलं एखादं पोरगं आज जन्मलं असतं, तर त्याला चंचल म्हणून माझ्याकडे तपासायला आणलं असतं. तेव्हा त्याला वस्ताद भेटला.

टेंपल ग्रँडिन नावाच्या अमेरिकन प्राध्यापक बाईंची गोष्ट गुरं पाळणाऱ्यांना लगेच कळेल. त्या १९४७ सालच्या. लहानपणापासून स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या. मावशीच्या गुरांच्या गोठ्यावर त्यांनी पाहिलं की लस टोचायला गाय खोड्यात घातली आणि दोन्ही अंगांनी फळ्या दाबल्या की बुजलेलं जनावर पुष्कळदा शांत होतं. त्या स्वतः त्या खोड्यात शिरल्या. अंगाला घट्ट, सारखा दाब मिळाला आणि जीव थाऱ्यावर आला. नंतर वयाच्या अठराव्या वर्षी त्यांनी स्वतःसाठी तसं यंत्र बनवलं. ज्या मुलाला तुम्ही कुशीत घेतलं की ते आणखी घुसतं, गादीखाली जाऊन झोपतं, दोन उशांच्या मध्ये स्वतःला दाबून घेतं, ते तुमच्याकडे हेच मागत असतं.

मग बिघडलं कुठे?

आपल्याकडे घरटी एक तरी माणूस मुंबईला. पोर आजी-आजोबांकडे. आजीचे गुडघे गेलेले, पोराच्या मागे धावणं तिला होत नाही. अंगणात फरशी आली, चिखल गेला. ओसरीला ग्रिल लागलं. आणि मग आपला पाऊस. आंबा, गजापूर, विशाळगडाच्या बाजूला तो एकदा लागला की चार महिने पोर घरात. चार वर्षांच्या पोराच्या आयुष्यातले चार महिने म्हणजे किती मोठा तुकडा! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं की तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसात किमान ३ तास हालचाल करावी, त्यातला १ तास चांगला दमवणारा असावा, आणि पडद्यासमोर १ तासाहून जास्त बसू नये. आपल्या घरांत पावसाळ्यात हा हिशेब उलटा होतो. अंग उपाशी, डोळे तुडुंब. संध्याकाळी तेच पोर भांडी फेकतं, भावाला चावतं, आणि आपण म्हणतो, वांड आहे.

उपाशी माणूस चिडतो, हे आपल्याला मोठ्यांच्या बाबतीत लगेच कळतं.

तेव्हा पहिलं काम भूक भागवण्याचं. झोळी बांधा, मात्र गळ्याशी दोरी येणार नाही हे बघा आणि मोठ्या माणसाची नजर तिथून हलू देऊ नका. रिकाम्या पोत्यावर धाकट्याला बसवून थोरल्याला ओढू द्या. अर्धी भरलेली लहान कळशी न्हाणीपासून स्वयंपाकघरापर्यंत आणायला सांगा. झेपेल इतकंच वजन, पण खरं काम. कणीक मळायला द्या. तांदळाच्या पिठात, भाताच्या तुसात हात घालू द्या. अंथरुणं घडी करून रचायला लावा, मग त्या ढिगावर उडी मारू द्या. रात्री झोपण्याआधी मात्र उड्या बंद. तेव्हा अंग चेपायचं, सावकाश आणि घट्ट, पायापासून वर. सेविकाताई, तुमच्या अंगणवाडीत गाणं बसून म्हणण्याआधी पाच मिनिटं बेडूकउड्या आणि हत्तीची चाल घ्या. मग बसवा. फरक तुम्हालाच दिसेल.

हे काही मी नवीन सांगत नाही. मारिया मॉन्टेसोरींनी १९०७ साली रोममध्ये गरीब वस्तीतल्या मुलांची शाळा उघडली. तिथलं इंद्रिय-शिक्षणाचं साहित्य आज महागड्या शाळांत काचेच्या कपाटात असतं. पण त्याची मुळं त्यांनी आधी मतिमंद ठरवलेल्या मुलांसाठी केलेल्या कामात आहेत. जे त्या मुलांना उपयोगी पडलं, ते सगळ्यांना उपयोगी पडलं. ते साहित्य आपल्याकडे परवडणार कुणाला? ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर गेल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेलं. त्यांनी शिंपले, बिया, दगड, पानं, माती घेतली. मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात नेली आणि तिला अंगणवाडी म्हटलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हटलं. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली. त्या योजनेच्या केंद्राला आपण अंगणवाडी म्हणतो, आणि तो शब्द या दोन बायकांच्या घामातून आला आहे. सेविकाताई, मानधनाच्या यादीत तुमचं नाव कुठे असतं ते मला माहीत आहे. पण तुमच्या कामाची वंशावळ ही आहे.

आता ज्यासाठी तुम्ही पावसातून आलात त्या प्रश्नाकडे येते. काळजी कधी करायची?

उड्या किती मारतो, हे मोजू नका. दिवसाला शंभर मारतो की हजार, त्यावरून मला काहीच कळत नाही. मी एकच गोष्ट बघते: या खेळात दुसऱ्या माणसाला जागा आहे का?

एसटीतलं ते पोर आठवा. गाडी उडाली की ते हसायचं आणि आईकडे बघायचं. तिलाही मजा आली का, हे बघायचं. "परत" म्हणायचं. खिडकीतून बैल दिसला तर बोट दाखवायचं. त्याची भूक मोठी होती, पण आई त्याच्या पंगतीत होती. त्याची मला काळजी नाही. त्याला हुंदडायला जागा हवी, बस्स.

दुसरं मूल बघा. तेही गरगर फिरतं. हाक मारली तर मान वळत नाही. हवी ती वस्तू मागायला तुमचा हात धरून नेतं, जणू तो हात म्हणजे काठी. तोंडाकडे बघतच नाही. गाडीचं चाक तासभर डोळ्यांजवळ धरून फिरवतं. बोट दाखवून "ते बघ" असं कधी करत नाही. कुणी खेळात शिरलं तर खेळ मोडतो. इथे भूक नुसती मोठी नाही, तिने मुलाला सगळ्यांपासून वेगळं काढलं आहे. स्वमग्नतेच्या निदानाच्या जगभर वापरल्या जाणाऱ्या निकषांत २०१३ पासून संवेदनांना कमी किंवा जास्त प्रतिसाद देणं हेही धरलं जातं. पण नीट ऐका. गरगर फिरणं म्हणजे स्वमग्नता, असं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका. फिरणं आणि त्याबरोबर बोलणं, बघणं, माणसांत येणं अडलेलं असणं, हे सगळं एकत्र असेल तर थांबू नका.

वर्षाचं होऊनही बोट दाखवत नाही, टाटा करत नाही. सोळा महिने उलटले, एकही शब्द नाही. दोन वर्षं झाली, दोन शब्द जोडत नाही. "मुलगे उशिराच बोलतात," "याचा बापही चार वर्षांनी बोलला," ही वाक्यं मी रोज ऐकते. कधीकधी ती खरीही निघतात. पण खरी निघतील की नाही, हे तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. आणि आलेले शब्द गेले, कालपर्यंत "आई" म्हणणारं मूल गप्प झालं, तर कोणत्याही वयात, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

आता मी माझी एक चूक सांगणार आहे. वीसेक वर्षांपूर्वीची. मी नवी होते. एक आजी तीन वर्षांच्या नातवाला घेऊन आली. पोरगं दिवसभर भांडी आपटायचं, टीव्हीच्या डब्याला गाल लावून बसायचं, स्टीलचं ताट दातांत धरून त्यावर चमचा वाजवायचं. मी त्याला बघितलं, हसले आणि म्हणाले, आवाजाची आवड आहे, मोठा झाला की शांत होईल. आजी समाधानाने गेली. दीड वर्षांनी ते मूल पुन्हा आलं ते कानाच्या तपासणीचा कागद घेऊन. त्याला जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. ताट दातांत का धरत होतं? हाडांतून जी थरथर कानाच्या आतल्या भागापर्यंत पोचते, तेवढीच त्याला मिळत होती, आणि तो ती शोधत होता. तो मला सांगत होता. त्याच्या परीने इतकं स्पष्ट सांगत होता! ज्या वयात भाषा रुजते त्या वयातलं दीड वर्ष माझ्या एका वाक्याने गेलं. त्या दिवसापासून जोरात आवाज शोधणाऱ्या, हाकेला ओ न देणाऱ्या, उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाला मी आधी कान तपासायला पाठवते. बाकीचं नंतर.

डोळ्यांचंही तसंच. एखादं मूल मुठींनी किंवा बोटांनी डोळे पुन्हा पुन्हा दाबत असेल, तर झोप आली असेल म्हणून सोडू नका. फार कमी दिसणारी काही मुलं असं करतात. डोळा दाबला की आत उजेडाचे ठिपके चमकतात, त्यासाठी.

आणि माती. आपल्याकडे हा सगळ्यांत मोठा प्रश्न आहे आणि सगळ्यांत सोपाही आहे. दीड वर्षाचं मूल सगळंच तोंडात घालतं, त्याचं वयच ते आहे. पण तीन-चार वर्षांचं मूल भिंतीचे पोपडे, खडू, माती, कच्चे तांदूळ मुद्दाम शोधून खात असेल, तर आधी रक्त तपासा. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची जवळजवळ ६९ टक्के मुलं रक्त कमी असलेली निघाली. शंभरात एकोणसत्तर! लोह कमी असलेलं मूल माती खातं, चिडचिड करतं, रात्री अंथरुणात तळमळतं, एका जागी ठरत नाही. आपण त्याला वांड म्हणतो किंवा कुणाची नजर लागली म्हणतो, आणि त्याला हवं असतं लोह. आशाताई आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर लोहाचं औषध देतात ना? तुमच्या फळीवरची बाटली भरलेली आहे की निम्मी झाली, ते आज घरी जाऊन बघा. जंताची गोळीही चुकवू नका.

आणखी दोन-चार गोष्टी भरभर सांगते. पडलं, खरचटलं, भाजलं तरी रडत नाही, असं पोर "धीट" म्हणून मिरवू नका, दाखवा. तीन वर्षांनंतरही कायम चवड्यांवर चालतं, दाखवा. डोकं भिंतीवर जखम होईपर्यंत आपटतं, स्वतःला चावतं, दाखवा. खेळता खेळता मध्येच टक लावून थिजतं आणि हाक ऐकत नाही, तर ती फिटही असू शकते. जमलं तर मोबाइलवर चित्रण करा. मोबाइलचा असाही उपयोग आहे. आणि उंचावरून, विहिरीच्या कठड्यावरून, चालत्या ट्रॅक्टरवरून उडी घेण्याची ओढ इतकी की भीती नावाची गोष्टच नाही, तर कुणी काही म्हणो, मदत घ्या. दिवसाचं जेवण, झोप, अंघोळ, अंगणवाडीत बसणं, यातलं काहीच धड होत नसेल आणि घरातलं माणूस रडकुंडीला आलं असेल, तर तेवढं कारणही पुरेसं आहे. आईचं रडकुंडीला येणं हेसुद्धा लक्षणच आहे. ते लाजेने लपवू नका.

अशी मुलं किती असतात? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातल्या पाच ठिकाणची मुलं तपासली होती, त्यात आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता. दोन ते सहा वर्षांच्या मुलांत शंभरात साधारण नऊ मुलांना ऐकणं, दिसणं, बोलणं, फिट, बुद्धीची वाढ, स्वमग्नता यांपैकी निदान एक तरी अडचण निघाली. म्हणजे पंचवीस मुलांच्या अंगणवाडीत दोन. ती दोन कोण, हे बहुतेक वेळा सेविकेला आधीच कळलेलं असतं. बोलायचं कसं, एवढंच तिला कळत नसतं. घरच्यांना वाईट वाटेल, भांडण होईल. ताई, "तुमच्या पोरात दोष आहे" असं म्हणू नका. म्हणा, "मी हाक मारली की हा बघत नाही. घरी बघतो का?" एवढंच विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

कुठे जायचं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्या दिवशी आपलं मूल घरी ठेवू नका. मोलाने दुसऱ्याच्या शेतात जायचं असलं तरी तेवढा दिवस सांभाळा. पथक पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. ही तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पथकाची वाट बघायची नसेल तर ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घ्या आणि कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय गाठा. स्वमग्नता निघाली, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची नोंद आहे आणि त्याचे हक्क तुमच्या मुलाला मिळतात.

आणि इथे मला सावध करायचं आहे. शहरांत आता "सेन्सरी" या शब्दाचं दुकान झालं आहे. वजनाची जाकिटं, अंगाला घासायचे ब्रश, सहा महिन्यांचं पॅकेज, आगाऊ पैसे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली आपल्या डॉक्टरांना सांगितलं की संवेदनांचा विकार असं स्वतंत्र निदान करू नका, मागे दुसरं काही आहे का ते आधी शोधा, आणि अशा उपचारांचा पुरावा अजून तोकडा आहे हे पालकांना मोकळेपणाने सांगा. मी याच क्षेत्रात काम करते, आणि मला हे बोलणं पटतं. चांगली थेरपिस्ट तुम्हाला आधी विचारेल: तुम्हाला घरी काय अडतं? जेवण, झोप, की शाळा? दोन महिन्यांत त्या एका गोष्टीत फरक दिसला पाहिजे. तुम्हाला बाहेर बसवून दार लावून घेणाऱ्या ठिकाणी पुन्हा जाऊ नका. दागिना गहाण ठेवून तर मुळीच जाऊ नका.

ऑक्युपेशनल थेरपीची ही विद्या आपल्याकडे आली, तेव्हा ती अशी नव्हती. एलिझाबेथ लुंडी नावाची अमेरिकन मुलगी विष्णू निंबकरांशी लग्न करून कमला निंबकर झाली, १९३० साली इथे आली. पुढे पुन्हा अमेरिकेत जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकली आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिने या विषयाची देशातली पहिली शाळा काढली. फलटणच्या कमला निंबकर बालभवनाला तिचंच नाव आहे. या विद्येचा गाभा इतकाच की माणसाला त्याच्या रोजच्या जगण्यातलं काम करता आलं पाहिजे: कपडे घालता आले पाहिजेत, घास तोंडापर्यंत नेता आला पाहिजे, चारजणांत बसता आलं पाहिजे.

आंब्याच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. नाव सांगत नाही, मुलीची ओळख तिच्या घरच्यांपाशी राहू दे. मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा अंगणात हात पसरून दिवसभर फिरायची. भोवळ यायची नाही. बोलायची नाही. सेविकेने वहीत एक ओळ लिहिली होती, "हाकेला बघत नाही." त्या ओळीमुळे ती मुलगी माझ्यापर्यंत आली. कान ठीक निघाले, निदान स्वमग्नतेचं झालं. आई-बाप मुंबईत. कोल्हापूरला दर आठवड्याला येणं शक्य नाही. मग आम्ही आजीला शिकवलं. झोळी तिच्याकडे होतीच. मी म्हटलं, झोका द्या, आणि मध्येच झोळी धरून थांबवा. काही बोलू नका. ती बघेपर्यंत थांबा. बघितलं की लगेच झोका द्या. आजी म्हणाली, "आन् न्हाई बगितलं तर?" मी म्हटलं, दहा आकडे मोजा आणि तरीही द्या. रोज तीनदा.

पहिले दोन महिने काही झालं नाही. आजी फोनवर सांगायची, "बगत न्हाई बया." पण तिने सोडलं नाही. तिसऱ्या महिन्यात मुलगी आजीच्या हाताकडे बघायला लागली. मग तोंडाकडे, निसटतं.

गेल्या महिन्यात मी त्या वाडीवर गेले होते. पाऊस नुकताच उघडला होता. आजीने नेहमीसारखी झोळी थांबवली आणि मनात आकडे मोजायला लागली. मी ओसरीवर बसून मोजत होते. सहा, सात. मुलीने झोळीतून मान बाहेर काढली, आजीच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "आजे."

आजीचे आकडे चुकले. ती झोका द्यायचं विसरली, तेव्हा मुलीने पुन्हा म्हटलं.